साळवे सिस्टरांच्या चपला

साळवे सिस्टर दवाखान्याच्या व्हरांड्यातून येत असल्या की दिसायच्या आधी ऐकू यायच्या. टक आणि धप, टक आणि धप. त्यांचा डावा पाय आखूड होता. त्या पायातल्या चपलेला चांभाराकडून मोटारीच्या टायरचा जाड थर मारून घेतलेला, आणि दुसरी चपल साधी. पण लंगडतात म्हणून त्या हळू चालत असतील असं कुणाला वाटलं तर ते चूक. नगरच्या त्या मिशनच्या दवाखान्यात त्यांच्याइतकं भरभर कुणीच चालत नव्हतं. नर्सिंग शिकणाऱ्या मुली त्यांच्यामागे अक्षरशः पळायच्या.

ठेंगणा बांधा, सावळा रंग, पांढरं पातळ आणि केसांचा इतका घट्ट अंबाडा, की भुवया वर ओढल्यासारख्या दिसायच्या. बोलताना समोरच्याचं एखादं हाड धरायची त्यांना सवय होती. "कुठल्या गावच्या तुम्ही?" असं विचारता विचारता त्यांची बोटं आपल्या मनगटावर आलेली असायची, आणि गावाचं नाव सांगून होईपर्यंत त्यांनी मनगट वळवून, कोपर दुमडून बघितलेलं असायचं. मला त्या पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी माझ्या हनुवटीखाली एक बोट घातलं आणि मान वर उचलली.

"एवढे मणके काय जमिनीकडं बघायला दिलेत?"

पुढे हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की त्यांची चाहूल लागली की मान आपोआप वर व्हायची.

आमचं गाव पाथर्डीकडं. दुष्काळाचं साल होतं. विहिरींनी तळ गाठलेला, आणि गावातल्या बहुतेक बायका रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होत्या. मीही जात होते. शोभा, माझी पहिली मुलगी, तेव्हा वर्षाचीही नव्हती. बाभळीला झोळी बांधून सासूबाई तिला राखत बसायच्या. एक दिवस दवाखान्याची जीप लेकरांसाठी दुधाची पावडर घेऊन आली. बाकीच्या नर्सबाई पावडर वाटत होत्या आणि साळवे सिस्टर झोळ्यांमधून फिरत होत्या. शोभाच्या झोळीपाशी त्या थांबल्या. तिला उचललं, बाभळीखालच्या सासूबाईंच्या खाटेवर उताणी निजवलं आणि पायांना बांधलेला लुगड्याचा पट्टा सोडला.

"हिच्या मांडीच्या वळ्या बघितल्या का?"

"बाळसं हाय ते," सासूबाई म्हणाल्या. "दिष्ट नका लावू."

"बाळसं दोन्हीकडं सारखं पाहिजे, आत्याबाई. उजवीकडं एक वळी जास्त आहे."

मग त्यांनी शोभाचे दोन्ही गुडघे दुमडून पावलं खाटेला टेकवली. एक गुडघा उंच, एक बुटका. आम्ही दोघीही बघत राहिलो. रोज अंघोळ घालत होतो आणि कधी दिसलं नव्हतं. सिस्टरांनी दोन्ही मांड्या बाजूला फाकवल्या. डावी मांडी पार खाटेला लागली, उजवी अर्ध्यावर अडली.

"हे दार पुरतं उघडत नाही," त्या म्हणाल्या. "मांडीच्या हाडाला वर गोल डोकं असतं. ते कमरेच्या हाडात, उखळीत बसल्यासारखं बसतं. हिचं उखळीबाहेर बसलंय. उभी राहती का ही?"

"धरून उठाया बगतीय," सासूबाई म्हणाल्या.

"उठू देऊ नका."

सासूबाईंचा चेहरा उतरला. लेकराला घट्ट गुंडाळून निजवण्यात त्यांचा हात गावात कुणी धरत नव्हतं. दोन्ही पाय सरळ, एकाला एक लावून, वरून लुगड्याचा पट्टा. "पाय सरळ व्हावं म्हनून तर बांदीत हुतो आमी," त्या म्हणाल्या.

"जन्मापासूनच सैल असणार ते. बांधल्यानं बाहेरच राहिलं. तुमच्यामुळं झालं असं नका धरू, पण उद्यापासून बांधू नका."

मी कधी परक्या माणसाशी बोलत नसे. पण त्या दिवशी पदराआडून मी विचारलं, "आन तसंच राहिलं तर?"

सिस्टरांनी आपला जाड चपलेचा पाय पुढे केला.

"हे होतं," त्या म्हणाल्या. "मला कुणी बघितलंच नाही. मी गावभर पळत होते, आणि आई म्हणायची, पोरगी नाचत चालती."

त्यांनी शोभाला उचलून सासूबाईंच्या कडेवर दिलं. तिचे दोन्ही पाय सासूबाईंच्या कमरेच्या दोन बाजूंना आले. "बघा," सिस्टर म्हणाल्या, "अशी बसली की हाडाचं डोकं उखळीकडं तोंड करतं. डॉक्टर हेच करणार. फक्त तुमच्या कमरेच्या जागी चुन्याचं प्लास्टर. लेकराचं हाड अजून ओलं आहे. डोकं जागेवर नेऊन धरून ठेवलं की उखळी त्याच्याभोवती आपोआप खोल होत जाते. उशीर केला तर ती सपाट राहते, आणि मग कुणाच्या हातात काही राहत नाही."

घरात दोन दिवस बोलणी झाली. पोरीच्या जातीला लंगडेपण परवडणार नाही, हे सगळेच म्हणत होते; दवाखान्यात पोरीचं काय करतील ही भीतीही सगळ्यांनाच होती. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "ती बाई कडंवर बसवाया सांगतीय. कडंवर बसून कुनाचं वाईट झालंय?" आणि आम्ही नगरला गेलो.

शोभाला भूल देऊन डॉक्टरांनी हाड बसवलं. छातीपासून घोट्यांपर्यंत प्लास्टर. दोन्ही पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, बेडकासारखी. पहिल्या दिवशी ती रडली, मीही रडले. दुसऱ्या दिवशी ती वाटीवर चमचा वाजवत बसली.

तिथे राहिलो त्या दिवसांत मी सिस्टरांची दुपारची शाळा बघितली. वॉर्डातली जेवणं झाली की व्हरांड्यात आयांना गोळा करायचं आणि हाडं शिकवायची. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. नर्सिंगच्या मुलींच्या वर्गात चाकाच्या खांबाला टांगलेला माणसाच्या हाडांचा एक सांगाडा होता. तो त्या बाहेर ढकलत आणायच्या आणि लांबूनच ओरडायच्या, "पाहुणे आले, जागा द्या!"

पहिल्या दिवशी पाहुणे आल्यावर निम्म्या बायका उठून पळाल्या. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. "आता अंगूळ केल्याबिगर मी काय शिवायची न्हाई," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, हेच सगळं तुमच्या आतबी आहे. मग स्वतःला कुठं ठेवाल?"

बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत, पण बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "खरं मानूस हुतं का हे?"

"होतं."

"कुना माउलीचं लेकरू असंल."

"म्हणूनच नीट हात लावायचा," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा हसरा आवाज तेवढ्यापुरता खाली आला.

मी चौथीपर्यंत शिकलेली, मला वाचता येतं हे त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी मुलींचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि नावं मोठ्याने वाचायला सांगितली. मी पुटपुटले. "मणके!" सिस्टर ओरडल्या. मी मान वर केली आणि वाचलं. बिजागरीचा सांधा. उखळीचा सांधा. मला वाटलं होतं, पुस्तकात काहीतरी अवघड लिहिलेलं असेल. तिथे आमच्याच घरातल्या वस्तू होत्या.

त्यांचं शिकवणं तसंच होतं. बरगड्या दाखवताना म्हणायच्या, कोंबड्या झाकायचं डालगं, आत काळीज आणि फुप्फुसं. डालगं घट्ट नसतं, फटी असतात, म्हणून श्वास घेतला की फुगतं. सगळ्या बायकांना हात बरगड्यांवर ठेवून श्वास घ्यायला लावायच्या. कवटी म्हणजे देवाने बांधून दिलेला डबा, झाकण उघडायची सोय नसलेला. कोपर दाराच्या बिजागरीसारखं एकाच बाजूला उघडतं, खांदा मात्र चौफेर फिरतो, आणि चौफेर फिरतो म्हणूनच निसटतोही लवकर. पाठीचा एकेक मणका बोटाने मोजल्यासारखा करत खाली यायच्या आणि मधल्या गाद्या दाखवायच्या. "गाद्या नसत्या तर डोक्यावर घागर घेतल्यावर हाडावर हाड घासलं असतं."

एकदा त्यांनी विचारलं, "रक्त कुठं तयार होतं?"

कुणी काळीज म्हणालं, कुणी पोट. सिस्टरांनी मांडीच्या लांब हाडावर टिचकी मारली. "मटणाची नळी चोखता की नाही? आत मऊ काय असतं?"

"आगं बया!" शेवगावची एक बाई म्हणाली. "रगात तितं बनतं व्हय? आन आमी ते बापय मानसाच्या ताटात वाढतो."

"आता आपल्याबी ताटात घ्या. दूध पाजणाऱ्या बाईला दूध नाही मिळालं, तर तिची हाडं आपला चुना काढून लेकराला देतात. हाड म्हणजे मेलेली वस्तू नव्हे. हाड जितं असतं, बाई."

हे त्यांचं आवडतं वाक्य. हाड जितं असतं. ते म्हणताना त्या पाहुण्यांकडे न बघता प्लास्टरमधल्या लेकरांकडे बघायच्या.

आम्ही शोभाला घेऊन गावी निघालो तेव्हा एस.टी.त गर्दी होती. फाकलेल्या पायांची पोर मांडीवर मावेना. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ही तर दोन सीटा खातीय."

"मग तुज्या मांडीवर बसवू का?" सासूबाई म्हणाल्या. पुढे पाथर्डीपर्यंत तो आमच्याकडे फिरकला नाही.

प्लास्टर मध्ये एकदा बदललं. सगळं ठीक चाललं होतं. मग दिवाळी आली, शोभाची पहिली दिवाळी. लेकराच्या अंगाला कित्येक दिवसांत पाणी नव्हतं. आत खाज सुटायची, ती प्लास्टरवर मुठी मारायची. सासूबाईंना ते बघवत नव्हतं. पहिल्या अंघोळीच्या दिवशी मी दारात सडा टाकत होते, तेवढ्यात त्यांनी तिला पाटावर घेतलं. प्लास्टरच्या कडेतून आत तेल सोडलं, वरून उटणं, आणि कढत पाण्याचे तांबे. पहिली दिवाळी, आणि लेकरू पारोसं ठेवायचं, हे त्यांच्याच्याने होईना. मी आत आले तेव्हा प्लास्टरचा लगदा झाला होता आणि सासूबाई तो दोन्ही हातांनी परत जागेवर दाबत होत्या.

"आता गं काय करू?" त्या म्हणाल्या. तेवढंच.

आमचे हे गाडीची चौकशी करायला धावले. सासूबाईंनी शोभाला कडेवर घेतलं, तिचे पाय आपल्या कमरेभोवती पक्के केले आणि वरून पदर करकचून बांधला. त्यानंतर त्यांनी तिला खाली ठेवलं नाही. गाडीत जागा मिळाली तरी बसल्या नाहीत. बसलं की लेकराची मांडी सरकते म्हणाल्या. मी म्हटलं, "आत्या, मी घेते थोडा वेळ." त्यांनी पदराची गाठ आणखी आवळली. घाटात गाडी वळणं घेत होती आणि त्या एका हाताने दांडी धरून उभ्या होत्या. मला सपाट उखळी दिसत होती, पाहुण्यांच्या कमरेत बघितलेली खोल उखळी नाही. सगळे महिने पाण्यात गेले असं मनात येत होतं.

दवाखान्यात सणामुळे शुकशुकाट होता. डॉक्टर बाहेरगावी गेलेले, दुपारी येणार होते. टक, धप. सिस्टर आल्या. लगदा बघितला. आम्ही दोघी खाली बघत उभ्या. त्यांनी प्लास्टर नाकाशी नेलं.

"उटणं घरचं दिसतंय."

सासूबाई एकदम रडायला लागल्या. सिस्टरांनी त्यांना गप्प केलं नाही. ओला लगदा कापून काढला, शोभाला उताणी निजवलं, उजव्या मांडीखाली हात घातला आणि डोळे मिटले. त्यांच्या बोटांना काय लागतंय ते बघत मी तशीच उभी राहिले. कितीतरी वेळ गेला असं वाटलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "जागेवर आहे. कसं आणलं हिला?"

मी सांगितलं. सासूबाई उभ्याने आल्या, कडेवरून खाली ठेवलं नाही.

"आत्याबाई, चूक तुम्ही केली आणि सांभाळलीही तुम्हीच. आता बसा. पाय थरथरतायत तुमचे."

मग त्यांनी स्टूल ओढलं, शोभाचे दोन्ही गुडघे दोन हातांत फाकवून धरले आणि बसल्या. डॉक्टर दुपारी आले तोवर त्या उठल्या नाहीत. मध्ये एका मुलीने चहा आणला, तो तिनेच त्यांना पाजला. सासूबाई म्हणाल्या, "म्या धरती, तुमी दमलाव." तर म्हणाल्या, "प्लास्टर येईपर्यंत मीच प्लास्टर." शोभा त्यांच्या बोटांशी खेळत झोपून गेली. डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला. हाड जागेवर होतं, नवं प्लास्टर चढलं. त्या संध्याकाळी सासूबाईंनी दवाखान्याच्या आवारातच एक पणती लावली. सिस्टरांनी तिला आडोसा म्हणून आपला हात धरला.

होळीनंतर प्लास्टर कायमचं निघालं. शोभाचे पाय काडीसारखे झाले होते. त्या पायांत जोर यावा म्हणून आम्हाला काही आठवडे तिथेच ठेवून घेतलं. व्हरांड्यातल्या बाकाला धरून ती उभी राहिली आणि सिस्टरांच्या मागे पाऊल टाकू लागली. सिस्टर तिला "चल गं माझ्यासंगं" म्हणायच्या आणि ती जायची. मग आम्ही घरी आलो.

घरी चार लोकांत शोभा चालली, आणि दवाखान्यात पायांचा अशक्तपणा म्हणून सोडून दिलेलं इथे उघडं पडलं. ती लंगडत होती. प्रत्येक पावलाला एका बाजूला कलत होती. शेजारच्या बाईने चुकचुक केलं. सासूबाईंनी जेवण टाकलं. त्यांच्या मनात दिवाळीची अंघोळ होती, हे न सांगता मला कळत होतं.

आषाढात पुन्हा नगर. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडावर धरला आणि म्हणाले, "उत्तम." सिस्टरांनी टेपने दोन्ही पाय मोजले, सारखे. मांड्या फाकवल्या, दोन्ही दारं पुरती उघडली. मग खाली ठेवलं, तर पोर लंगडतच त्यांच्यामागे गेली.

डॉक्टर गोंधळले. "जोर कमी असेल. बघू अजून काही महिने," म्हणाले आणि दुसऱ्या रोग्याकडे गेले. सिस्टर स्टुलावर बसल्या. एकटक शोभाच्या पायांकडे बघत होत्या.

"हिचं कुठलं हाड होतं?" त्यांनी मला विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"उजवं," मी म्हणाले.

"आणि ही लंगडतीय डावीकडं."

आम्ही बघितलं. खरंच, ती डावीकडे कलत होती. इतक्या दिवसांत माझ्या भेदरलेल्या डोळ्यांना ते दिसलंच नव्हतं.

सिस्टरांनी टेबलावरचा पेरू घेतला आणि व्हरांड्यातून घरंगळत सोडला. शोभा त्याच्यामागे पळाली. सरळ. एकदाही न कलता. पेरू उचलला, चावला, आणि वळून सिस्टरांकडे येताना पुन्हा टक, धप. टायरची चपल तेवढी नव्हती.

"अगं बाई," सिस्टर म्हणाल्या. "ही माझं चालणं चालतीय!"

त्या हसायला लागल्या. गळ्याखालच्या हाडावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मुली हसल्या. मीही हसले, तोंडावर पदर न घेता. फक्त सासूबाईंनी विचारलं, "म्हंजी दिवाळीचं न्हाई?"

"दिवाळीचं नाही, आत्याबाई. चालायला शिकताना तिनं जे बघितलं ते घेतलं. इथं तिला मी दिसत होते ना." हसू ओसरल्यावर त्या क्षणभर आपल्या चपलेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता तुम्ही चाला. डोक्यावर भरली घागर असल्यासारखं."

"म्या? समद्यांपुढं?"

"तुम्हीच. तुमच्यासारखी ताठ पाठ या दवाखान्यात कुणाची नाही. चला."

सासूबाईंनी पदर खोचला, मान उभी धरली आणि व्हरांड्यातून निघाल्या. शोभाने काही वेळ दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग पेरूचा हात डोक्यावर ठेवला, जणू घागरच, आणि आजीच्या मागे चालू लागली. दोन्ही पावलं सारखी पडत होती.

"घरी हिला तुमच्याच मागं ठेवा," सिस्टर म्हणाल्या. "महिन्याभरात विसरेल. आणि आता जा, एस.टी. चुकेल."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी हनुवटीखाली बोट घालून मला अर्ध्यातच वर उचललं. "मणके," एवढंच म्हणाल्या.

आम्ही निघालो. एरवी त्या कुणालाही फाटकापर्यंत सोडायला यायच्या. त्या दिवशी आल्या नाहीत. मी वळून बघितलं तर व्हरांड्याच्या पायरीवर, खांबाला हात लावून त्या उभ्या होत्या. मला त्या तशा उभ्या कधी दिसल्याच नव्हत्या, सदा चालत्या. शोभा आजीचं बोट सोडून वळून वळून त्यांना बघत होती आणि हात हलवत होती. सिस्टरांनीही हात हलवला, पण पाऊल उचललं नाही. वॉर्डातून कुणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारली. पुन्हा मारली. त्या हलल्या नाहीत.

आम्ही फाटकाबाहेर पडलो, भिंतीच्या आड झालो. सासूबाई पुढे, शोभा त्यांच्यामागे ताठ, आणि मी शेवटी. तेव्हा कुठे आतून ऐकू आलं, टक आणि धप, टक आणि धप, नेहमीपेक्षाही भरभर.